लंडनची वीट व तीन मराठी बिऱ्हाडें

सातपुड्यांतील काठी हें गांव पूर्वीं खानदेशांतील एका मेवासी संस्थानाचें ठिकाण होतें. येथील राजवाडी होळीसाठीं उंच बांबू वाजतगाजत आणून उभा करतात, त्यामुळें बाहेरच्या लोकांस या गांवाचें नांव ठाऊक असतें. येथील जुन्या पद्धतीचें घर म्हणजे सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणामातीचा लेप, आणि वर गवत किंवा कौलें. भाजलेल्या विटेला या घरांत स्थान नाहीं. अशा गांवीं बसून लंडनच्या विटांच्या घरांविषयीं लिहावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु अर्वाचीन महाराष्ट्राच्या इतिहासाचीं कांहीं महत्त्वाचीं पानें तशा घरांत लिहिलीं गेलीं आहेत. आपण तीं पानें जपतों. तीं ज्या भिंतींच्या आड लिहिलीं गेलीं त्या भिंतीहि साधन म्हणून वाचतां येतात, हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे. छापील वर्णनें, नकाशे व छायाचित्रें यांच्या आधारें हें टिपण केलें आहे.

(१) वीट कायद्यानें कशी आली

शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले तें वर्ष इ. स. १६६६. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत लंडन शहर चार दिवस जळत होतें. सुमारें १३,२०० घरें व ८७ प्रार्थनामंदिरें त्या आगींत नष्ट झालीं. जुनें लंडन बहुतांशीं लांकडी सांगाड्याचें होतें. वरचे मजले रस्त्यावर पुढें आलेले असत व समोरासमोरच्या घरांचे सज्जे एकमेकांस भिडूं पाहत. आगीला पसरावयास याहून अधिक सोय नको होती. पुढील वर्षीं, १६६७ मध्यें, पार्लमेंटानें पुनर्बांधणीचा कायदा केला. बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच असल्या पाहिजेत, असें त्यानें ठरविलें. घरांचे चार वर्ग पाडले. कोणत्या रस्त्यावर किती मजले असावेत आणि भिंतीची जाडी किती विटांची असावी, हेंहि त्यानें नेमून दिलें.

यापुढें लंडनच्या घराचें रूप गवंड्याच्या हौसेपेक्षां कायद्याच्या कलमांनीं अधिक घडलें. १७०९ च्या कायद्यानें खिडकीची लांकडी चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आंत बसविणें आवश्यक झालें. १७७४ च्या कायद्यानें त्या चौकटीची पेटी विटेच्या आड दडविणें भाग पडलें. १८९४ मध्यें हे निर्बंध सैल झाले. म्हणून खिडकी भिंतीच्या किती आंत आहे व तिची चौकट कितपत दिसते एवढें पाहिलें तरी घराच्या काळाचा स्थूल अंदाज बांधतां येतो. मोडी कागदावर तारीख नसली तर आपण अक्षराचें वळण व कागदाची जात पाहतों, तशांतलाच हा प्रकार आहे.

विटेवरील कराचीहि अशीच हकीकत आहे. अमेरिकेंतील युद्धानें झालेलें कर्ज फेडण्यासाठीं १७८४ मध्यें हजार विटांमागें कर बसविण्यांत आला. कर संख्येवर होता, आकारावर नव्हता. तेव्हां कारखानदार मोठ्या विटा पाडूं लागले! सरकारनें मग ठराविक मापापेक्षां मोठ्या विटांवर दुप्पट कर लावून ही पळवाट बंद केली. हा कर १८५० मध्यें उठला, आणि १६९६ पासून चालत आलेला खिडक्यांवरील कर १८५१ मध्यें गेला. पुढें आगगाडीनें दूरच्या भट्ट्यांच्या तांबड्या विटा व वेल्समधील पाटीचे दगड राजधानींत स्वस्तांत पोंचूं लागले. १८५८ मध्यें जर्मनींत हॉफमन यानें अखंड जळणाऱ्या भट्टीचा हक्क मिळविला; तशा भट्ट्या पुढें इतरत्र पसरल्या व विटा एकसारख्या भाजल्या जाऊं लागल्या. हायगेट, चॉक फार्म इत्यादि उपनगरांतून विटांच्या घरांच्या रांगा झपाट्यानें उभ्या राहिल्या, त्यामागें हीं कारणें होतीं.

लंडनची खास वीट मात्र तांबडी नव्हे, पिवळट असे. तेथील मातींत खडू मिसळीत व शहराच्या केरांतून चाळून काढलेली कोळशाची राख घालीत. खडूमुळें रंग पिवळा येई आणि राखेंतील कोळशाच्या कणांमुळें वीट भट्टींत आंतूनहि भाजली जाई. शहराच्या धुरानें ही पिवळी वीट काळवंडून जाई. आज ज्या भिंती पिवळ्या दिसतात त्यांतील कित्येक आपले लोक तेथें राहत होते तेव्हां काळ्या दिसत असतील, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. कारण धुरास आळा घालणारा कायदा १९५६ मध्यें झाला. तांबड्या विटेची आवड १८७० नंतर पुन्हां बळावली. तिचें पूर्वचिन्ह म्हणून फिलिप वेब यानें विल्यम मॉरिस याच्यासाठीं १८५९-६० मध्यें बांधलेल्या ‘रेड हाउस’कडे बोट दाखवितात.

(२) थर, दरज आणि शुल्बसूत्रें

विटेच्या भिंतीचें मर्म तिच्या बंधांत आहे. विटेची लांबी तिच्या दोन रुंदी व मधली एक दरज यांच्या बेरजेइतकी धरतात. त्यामुळें वीट दोन प्रकारें बसवितां येते : एकींत तिची लांब बाजू बाहेर दिसते, दुसरींत ती भिंतींत खोल जाऊन तिचें टोंकच दिसतें. एक थर लांबीच्या विटांचा व त्यावर एक थर टोंकांच्या विटांचा, अशी आलटून पालटून रचना केली म्हणजे तिला इंग्रजी बंध म्हणतात. एकाच थरांत एक लांबी व एक टोंक असा क्रम ठेविला तर तो फ्लेमिश बंध होय. सतराव्या शतकांत लंडनकडे दुसऱ्या प्रकाराचा प्रसार होऊं लागला. क्यू येथील १६३१ चें विटांचें घर त्याचें एक जुनें उदाहरण मानतात. विसाव्या शतकांत पोकळी ठेवून दुहेरी भिंत बांधण्याचा प्रघात पडला, तेव्हां नुसत्या लांबीच्या विटा दिसूं लागल्या. तात्पर्य, बंध पाहून भिंतीचें वय सांगतां येतें. आणि एकाच भिंतींत दोन बंध आढळले तर मध्यें दुरुस्ती झाली किंवा भर पडली, असें अनुमान करतां येतें.

दोनहि बंधांचें प्रयोजन एकच आहे. खालच्या थराच्या दरजेवर वरच्या थराची दरज येऊं नये. आली तर भिंत त्या रेषेंत उभी फाटते. संस्कृत वाचकांस हा नियम अपरिचित नाहीं. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत चिति रचतांना लागोपाठच्या प्रस्तरांतील सांधे एकावर एक येणें याला ‘भेद’ अशी संज्ञा असून तो दोष मानलेला आहे. श्येनचितींत पांच प्रस्तर, प्रत्येकांत २०० इष्टका, मिळून १,००० इष्टका असतात. पहिला, तिसरा व पांचवा प्रस्तर एका मांडणीचा, दुसरा व चौथा निराळ्या मांडणीचा. यामुळें भेद टळतो. यावरून इंग्रज गवंड्यानें बौधायन वाचला होता किंवा अमुक विद्या अमुक देशांतून तमुक देशांत गेली, असला तर्क कोणीं करूं नये. विटेचा स्वभावच असा आहे कीं जो कोणी ती विचारपूर्वक रचील त्याला हा नियम सांपडेल. संज्ञा मात्र आपल्याकडे आयती आहे, तेव्हां भिंतींचें वर्णन करतांना ‘भेद’ हा शब्द आपल्या लेखकांनीं वापरण्यास हरकत नसावी.

आतां आपल्या वाड्यांशीं तुलना करूं. पेशवाई वाड्यांत वीट असते, पण वरच्या मजल्यांचा मुख्य भार खांब, तुळया व कडीपाट घेतात. घराचें माप ‘खणां’वर मोजतात. लंडनच्या घरांत भार घेते ती भिंत. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजीं व वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. त्याचा खर्च १६,११० रुपये सांगतात. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत आंतील इमारती गेल्या आणि चोहोंकडचा तट, बुरूज व दरवाजे उरले. लांकडानें पेललेलें गेलें, दगडविटांनीं पेललेलें राहिलें. १६६६ च्या आगीनंतर लंडनकरांनीं जो धडा कायद्यांत घातला, तोच पुण्यास अवशेषांच्या रूपानें दिसतो. अर्थात् आपले वाडे हीन ठरतात असें नव्हे. लांकडी सांगाडा दीर्घकाळ टिकतो, दुरुस्तीस सोपा पडतो व उन्हाळ्यांत मोकळ्या चौकासह सुखकर होतो. एवढेंच कीं आगीपुढें त्याचा उपाय चालत नाहीं.

(३) घराची मांडणी व बिऱ्हाडांची सोय

लंडनच्या रांगेंतील घर अरुंद व उंच असतें. दोन शेजाऱ्यांमध्यें एकच सामाईक भिंत, आणि बहुधा तिच्यांतूनच धुराडीं वर गेलेलीं. जमिनीखालीं स्वयंपाकघर व कोळशाची कोठी; दर्शनी मजल्यावर जेवणाची खोली; तिच्या वर दिवाणखाना; त्याच्या वर निजावयाच्या खोल्या; आणि छपराखालीं नोकरांची जागा. जिना एका बाजूच्या भिंतीला धरून तळापासून माथ्यापर्यंत जातो. प्रत्येक मजल्यावर पुढें एक व मागें एक अशा खोल्या, आणि बहुतेक खोल्यांना आपापली शेगडी.

ही मांडणी एका सुखवस्तु कुटुंबासाठीं व त्याच्या चाकरांसाठीं केलेली होती. परंतु तींतच तिच्या पुढच्या उपयोगाचें बीज होतें. जिना बाजूला असल्यामुळें एका बिऱ्हाडास दुसऱ्याच्या खोलींतून जावें लागत नाहीं, आणि शेगडी स्वतंत्र असल्यामुळें प्रत्येक खोली स्वतंत्रपणें राहती होते. म्हणून धनिक कुटुंबें अधिक दूरच्या उपनगरांकडे सरकलीं तेव्हां हीं घरें खोल्याखोल्यांनीं भाड्यानें देतां आलीं. हिंदुस्थानांतून बॅरिस्टरीसाठीं किंवा अर्थशास्त्रासाठीं गेलेल्या तरुणास लंडनांत जी खोली मिळे ती बहुधा या प्रकारची. आपल्याकडील वाडाहि बिऱ्हाडकरूंनीं भरला, पण तेथें चौक, आड व देवडी समाईक राहिलीं. ओळखदेख टाळतां येत नसे. लंडनच्या घरांत समाईक काय तो जिना. परक्या देशांत गेलेल्या मनुष्यास एकान्त मिळाला तो या रचनेनें, आणि एकटेपणाहि तिनेंच दिला.

(४) तीन बिऱ्हाडें

पहिलें बिऱ्हाड लोकमान्य टिळकांचें. चिरोल याच्यावरील फिर्यादीच्या कामासाठीं ते १९१८ च्या अखेरीस लंडनांत पोंचले व १९१९ च्या नोव्हेंबरांत परतले. पश्चिम लंडनांतील हौली प्लेस येथील १० क्रमांकाचें घर त्यांच्या नांवानें दाखविलें जातें व त्यावर स्मृतिफलक आहे. हा भाग पांढऱ्या गिलाव्याच्या घरांसाठीं प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत विटेच्या भिंतीवर गिलावा करून ती दगडी भासविण्याची आवड होती. तेव्हां वरून पाहणाऱ्यास हीं घरें विटेचीं वाटत नाहींत, तरी तीं विटेचींच आहेत.

दुसरें बिऱ्हाड हायगेट येथील ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू. इंग्रजींत ‘इंडिया हाउस’ व आपल्याकडे ‘भारतभवन’ म्हणून तें प्रसिद्ध आहे. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धांतील, तांबड्या विटेच्या आवडीच्या काळांतील हें घर आहे. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनीं तें हिंदी विद्यार्थ्यांसाठीं घेतलें. श्यामजी मूळचे कच्छमधील मांडवीचे. ऑक्सफर्ड येथें मोनियर विल्यम्स यांचे साहाय्यक म्हणून ते गेले होते व संस्कृतांतील त्यांची गति सर्वमान्य होती. १ जुलै १९०५ रोजीं हाइंडमन यांच्या हस्तें वसतिगृहाचें उद्घाटन झालें. दादाभाई नौरोजी व लाला लजपतराय त्या वेळीं उपस्थित होते. सुमारें पंचवीस विद्यार्थ्यांची सोय तेथें होती. व्याख्यानाची खोली व वाचनालयहि होतें.

१९०६ च्या जुलैंत विनायक दामोदर सावरकर तेथें राहावयास आले. मॅझिनीच्या आत्मचरित्राचें त्यांचें मराठी रूपान्तर लंडनांतून लिहून हिंदुस्थानांत पाठविलें गेलें व १९०७ मध्यें छापलें गेलें. त्यानंतर त्यांनीं इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयांतील साधनांवरून १८५७ च्या युद्धाचा मराठी इतिहास सिद्ध केला. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापति बापट, हेहि या मंडळींत होते. १ जुलै १९०९ रोजीं, उद्घाटनास बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, मदनलाल धिंग्रा यांनीं कर्झन वायली याचा वध केला. १७ ऑगस्ट १९०९ रोजीं धिंग्रांस फांशी झाली. यापुढें वसतिगृह टिकलें नाहीं. म्हणजे ज्या घरानें एवढें नांव मिळविलें त्यांतील हिंदी वस्ती अवघी चारपांच वर्षांची होती. घराच्या आयुष्यांत हा काळ अल्पच. त्याच्या आधीं व नंतरहि तें इतर शेंकडों घरांसारखें एक साधें घर होतें. १९८५ मध्यें सावरकरांच्या नांवाचा फलक त्यावर बसविण्यांत आला.

तिसरें बिऱ्हाड डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें : १०, किंग हेन्रीज रोड, चॉक फार्मजवळ. हें रांगेंतील चार मजली घर. १९२१-२२ मध्यें बाबासाहेब तेथें राहत होते. याच मुक्कामांत ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें शिकत होते आणि ग्रेज इनमध्यें बॅरिस्टरीचा अभ्यास करीत होते. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्यें ग्रंथरूपानें बाहेर आला. २०१५ मध्यें महाराष्ट्र शासनानें हें घर विकत घेतलें व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तें स्मारक म्हणून उघडलें. पुढें वाद निघाला. राहत्या घराचें संग्रहालय करण्यास कॅमडेनच्या नगरमंडळानें २०१८ मध्यें परवानगी नाकारली. शेजाऱ्यांच्या कांहीं तक्रारीहि होत्या. अपिलावर चौकशी झाली व मार्च २०२० मध्यें संग्रहालयास मान्यता मिळाली.

या वादाचें मूळ वर सांगितलेल्या मांडणींत आहे. जिना अरुंद व भिंत सामाईक. एका घरांतील पावलांचा आवाज दुसऱ्या घरांत जातो. राहण्यासाठीं बांधलेल्या रांगेंतील घरांत यात्रा भरूं लागली तर शेजाऱ्यांस उपद्रव होणें शक्य आहे, हें मान्य करावें. परंतु ज्या मनुष्याला स्वदेशांत कित्येक दारें बंद होतीं त्यानें जेथें दार लावून निर्वेध अभ्यास केला, तें घर सामान्य मालमत्तेंत पुन्हां मिसळून जाणें हेंहि इष्ट नव्हतें. उभय पक्षांस कांहीं न्याय होता; निर्णय स्मारकाच्या बाजूनें झाला, हें प्रस्तुत लेखकास योग्य वाटतें.

(५) असल आणि नक्कल

हायगेटच्या घराची हकीकत याहून निराळी आहे. मूळ घर लंडनांतच राहिलें आणि त्याची प्रतिकृति श्यामजींच्या मांडवीस ‘क्रांतितीर्थ’ या स्मारकांत उभारण्यांत आली. १३ डिसेंबर २०१० रोजीं तिचें उद्घाटन झालें. समुद्रकांठच्या कच्छी मैदानावर लंडनच्या उपनगरांतील तांबडें घर पाहून यात्रेकरू थक्क होतात.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या दोन घरांचें नातें समजावून सांगण्याची गरज नाहीं. असल व नक्कल हा आपला नित्याचा विचार आहे. चांगली नक्कल असलांतील मजकूर पोंचविते. कागद, शाई, हाताचें वळण, घडीच्या खुणा व मागील बाजूचा शेरा ती पोंचवूं शकत नाहीं. मांडवीचें घर हायगेटच्या घराचा मजकूर सांगतें : खिडक्या किती, माथा कसा, प्रवेश कोठून. त्याची वीट मात्र लंडनच्या कायद्यानें, करानें व आगगाडीनें घडलेली नाहीं. तीवरून १९०५ विषयीं कांहीं सिद्ध करतां येणार नाहीं. तरी नक्कल टाकाऊ ठरत नाहीं. ती आपल्या काळाचें असल असते. एका शतकानंतर गुजराथेंतील लोकांस श्यामजींचें स्मरण कोणत्या रूपानें करावेंसें वाटलें, याचें मांडवीचें घर हें अस्सल साधन आहे. फक्त तिच्यावर नकलेचा शेरा असावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाची फसगत होणार नाहीं.

योगायोग असा कीं त्या घरांतील ग्रंथाचीहि हीच गति झाली. सावरकरांचा मराठी मूळ ग्रंथ हिंदुस्थानांत छापतां आला नाहीं. इंग्रजी भाषान्तर १९०९ मध्यें प्रसिद्ध झालें व जगभर गुप्तपणें फिरलें. मूळ मराठी हस्तलिखित कित्येक दशकें परदेशांत राहून मगच स्वदेशीं परतलें. तितका काळ जग रूपान्तरावरूनच मूळ ओळखत होतें. ज्यानें तें बाड परक्या देशांत जपून ठेविलें त्याचे उपकार आपण मानतों ते याच कारणानें.

असल राखणें म्हणजे त्याला नवें करणें नव्हे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. जुनी विटेची भिंत चुन्यांत बांधलेली असते. चुना विटेपेक्षां मऊ असतो. भिंतींतील ओल दरजेंतून बाहेर पडते आणि झीज दरजेची होते, वीट वांचते. अशा भिंतीच्या दरजा सिमेंटानें भरल्या म्हणजे ओल कोंडते, ती विटेंतून वाट काढते व विटेचा पापुद्रा सुटूं लागतो. दुरुस्ती करणाऱ्यानें भिंत मजबूत केली असें वाटतें आणि ती कांहीं वर्षांत खिळखिळी होते. लंडनांतील जाणत्यांस हा अनुभव आहे; आपल्या वाड्यांच्या व घाटांच्या दुरुस्तींत मात्र सिमेंटाचा सढळ वापर अजून चालू आहे. जीर्ण पोथीवर चिकटपट्टी लावणारा व जुन्या भिंतींत सिमेंट भरणारा यांची योग्यता सारखीच.

(६) संग्राहकांस विनंती

या टिपणाचा उपयोग व्हावा म्हणून दोन गोष्टी सुचवितों. पहिली, लंडनहून आलेलीं जुनीं पत्रें ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं पाकिटें टाकून देऊं नयेत. पत्राचा मजकूर छापतांना वरचा पत्ता गाळण्याची वाईट संवय आपल्याकडे आहे. पत्त्यावरून घर सांपडतें व टपालाच्या शिक्क्यावरून वास्तव्याचा दिवस निश्चित होतो. मात्र लंडनांत कित्येक रस्त्यांचीं नांवें व घरांचे क्रमांक मागाहून बदलले आहेत. तेव्हां जुना क्रमांक आजच्या दारावर जुळविण्यापूर्वीं त्या सालचा नकाशा पाहिला पाहिजे. १८६६ मध्यें सुरू झालेल्या तेथील फलकयोजनेचा आजचा नियम असा आहे कीं ज्या इमारतींत तो मनुष्य राहिला तीच इमारत उभी असली पाहिजे, जागेवरील नव्या इमारतीस फलक मिळत नाहीं. हा काटेकोरपणा अनुकरणीय आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरच्या विटांची. वाडा पाडण्यापूर्वीं त्याचीं कागदपत्रें हलविण्याची खटपट कोणी ना कोणी करतो. विटेचें माप कोणी घेत नाहीं. दहा विटांची लांबी, रुंदी व जाडी मोजून त्यांची सरासरी, दहा थरांची उंची, दरजेंतील माल चुन्याचा कीं मातीचा, आणि थरांचा बंध कोणता, एवढी नोंद बांधकामाच्या ज्ञात सालासह केली तर तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. अशा शंभर नोंदी जमल्या म्हणजे साल नसलेल्या भिंतीचें वय ठरविण्यास आपल्याकडेहि कांहीं आधार मिळेल. काठीच्या कुडाच्या घरांचीहि खणांचीं मापें व लांकडाच्या जाती टिपून ठेवाव्यात. कारण वीट पडली तरी ढिगारा उरतो, बांबूचें घर गेलें म्हणजे कांहींच उरत नाहीं. त्या कामास प्रस्तुत लेखकानें आपल्या गांवापासून आरंभ केला आहे.